मातृत्वासाठी सुदृढता ते मातेची सुदृढता : महाराष्ट्रातील स्त्री-व्यायामविचाराचा ऐतिहासिक आढावा

सारांश

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रात व्यायामप्रसाराची मोठी चळवळ उभी राहिली. या चळवळीत स्त्रियांचाही विचार झाला, परंतु तो प्रामुख्याने 'भावी माता' म्हणून झाला. अपत्ये झालेली, संसाराच्या व्यापात गुंतलेली चाळिशीतील स्त्री या विचाराच्या कक्षेत फारशी आली नाही. घरकाम हाच तिचा व्यायाम, असे समाजाने गृहीत धरले. प्रस्तुत शोधनिबंधात या गृहीतकाचा ऐतिहासिक मागोवा घेतला असून, मध्यमवयीन मातेपर्यंत व्यायाम पोहोचविणारे मोजके प्रयत्न कोणत्या कारणांनी यशस्वी ठरले याची चिकित्सा केली आहे.

बीजसंज्ञा : स्त्री-आरोग्य, व्यायामचळवळ, मातृत्व, घरश्रम, सूर्यनमस्कार, मध्यमवय.

प्रस्तावना

व्यायामाचा इतिहास हा आपल्याकडे बहुतांशी तालमींचा, आखाड्यांचा आणि पहिलवानांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. स्त्रियांच्या इतिहासलेखनात शिक्षण, विवाहाचे वय, विधवांचे प्रश्न, मताधिकार आणि संपत्तीचा हक्क यांची साधार चर्चा झाली. तथापि स्त्रीच्या शारीरिक बळाचा प्रश्न या दोन्ही प्रवाहांच्या मधल्या जागेत राहून गेला. त्यातही मध्यमवयीन मातेचा प्रश्न अधिकच दुर्लक्षित राहिला.

वास्तविक हा प्रश्न आज प्रत्येक घरातील आहे. महाविद्यालयात अध्यापन करणारी, घरी वृद्ध सासू-सासरे आणि दहावी-बारावीतील मुले सांभाळणारी पंचेचाळिशीची प्राध्यापिका असो, की सकाळी शेतावर जाऊन सायंकाळी चुलीपुढे बसणारी मजूर स्त्री असो, 'स्वतःच्या शरीराकडे पाहायला वेळ नाही' हे वाक्य दोघींच्या तोंडी सारखेच असते. हे वाक्य वैयक्तिक आळसाचे निदर्शक मानायचे की त्यामागे काही सामाजिक इतिहास आहे, हा प्रस्तुत निबंधाचा मूळ प्रश्न आहे. त्यासाठी प्रकाशित साधनांच्या आधारे वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

१. श्रम होते, व्यायाम नव्हता

पारंपरिक मराठी समाजातील स्त्रीचे जीवन श्रमांनी व्यापलेले होते. पहाटेचे दळण, उखळातील कांडण, विहिरीवरून किंवा नदीवरून पाणी आणणे, सरपण गोळा करणे, सडा-सारवण आणि यांवर शेतातील खुरपणी-कापणी असा तिचा दिनक्रम असे. जात्यावरील दळण हे त्यांतील सर्वांत कष्टाचे काम. हेमा रायरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातील एक हजाराहून अधिक खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. या संग्रहाला स्त्रियांच्या श्रमाचा दस्तऐवज म्हणूनही महत्त्व आहे. दळणाचा शीण, मनगटातील बळ, आणि ते बळ आपल्याला आईच्या दुधातून मिळाले ही कृतज्ञता, असे विषय ओव्यांतून वारंवार येतात. स्त्रीच्या शारीरिक शक्तीची जाण पुरुषी तालमीबाहेर, स्त्रियांच्या स्वतःच्या शब्दांत तेथे नोंदली गेली आहे.

परंतु श्रम आणि व्यायाम यांत भेद केला पाहिजे. श्रमाचे प्रमाण कामावरून ठरते, तर व्यायामाचे प्रमाण शरीरावरून ठरते. दळण दहा माणसांचे असेल तर दहा माणसांचे दळावे लागते. दळणारी गरोदर आहे, आजारी आहे की बाळंतपणातून नुकतीच उठली आहे, याने धान्य कमी होत नाही. त्याच त्या हालचाली, वाकलेली पाठ, अपुरा आहार आणि विश्रांतीचा अभाव यांमुळे श्रमाने शरीर कमावले जाण्याऐवजी पुष्कळदा झिजते.

परंपरेत स्त्रियांसाठी खेळाची जागा अजिबात नव्हती असे मात्र नाही. श्रावणातील मंगळागौरीच्या जागरणात फुगडी, झिम्मा, पिंगा आणि अशा अनेक प्रकारचे खेळ रात्रभर चालत. गोव्यात व कोकणात फुगडी आणि धालो यांची परंपरा आहे. दम, तोल, लवचीकपणा आणि ताल यांची कसोटी पाहणारे हे खेळ होते आणि नऊवारीच्या काष्ट्यामुळे ते खेळणे सुकरही होई. तथापि मंगळागौरीचे व्रत नवविवाहितेचे, विवाहानंतरच्या पहिल्या पाच वर्षांचे. घरातील वयस्क स्त्रिया खेळात भाग घेत असल्या तरी तो वर्षातून एखाद-दुसऱ्या रात्रीचा आनंद होता. नित्याच्या जीवनात त्याला स्थान नव्हते.

२. एकोणिसावे शतक : चर्चा वयाची, बळाची नव्हे

एकोणिसाव्या शतकातील सुधारणावादी चर्चेत स्त्रीचे शरीर प्रथमच सार्वजनिक वादाचा विषय झाले. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीचे संमतिवय दहावरून बारा वर्षांवर नेले, त्या वेळी महाराष्ट्रात झालेला वाद सर्वश्रुत आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्या चौदाव्या वर्षी माता झाल्या. ते मूल अवघे काही दिवस जगले. पुढे १८८६ मध्ये अमेरिकेत त्यांनी वैद्यकाची पदवी मिळविली, त्यांच्या प्रबंधाचा विषय प्रसूतिशास्त्र हाच होता, आणि १८८७ मध्ये वयाच्या बाविसाव्या वर्षात त्यांचे निधन झाले.

अशा परिस्थितीत 'मध्यमवय' ही कल्पनाच आजच्याहून निराळी होती. बालवयात विवाह, पंधरा-सोळाव्या वर्षी पहिले अपत्य आणि पस्तिशीत सासूपण असा जीवनक्रम होता. अनेक स्त्रिया बाळंतपणातच दगावत. १९४१-५१ या दशकातही भारतीयांचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. आज भारतीय स्त्रीचे सरासरी आयुर्मान ७० वर्षांहून अधिक आहे. स्वातंत्र्यानंतरच्या आरंभीच्या वर्षांत एका स्त्रीला सरासरी सहा अपत्ये होत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) हे प्रमाण दोनवर आले. म्हणजे शेवटच्या बाळंतपणानंतर तीस-चाळीस वर्षे जगणारी माता ही, संख्येच्या दृष्टीने पाहता, अलीकडच्या काळाची निर्मिती आहे. तिच्या शरीराचा विचार करण्याची सवय समाजाला नव्हती, याचे एक कारण येथे सापडते.

३. व्यायामचळवळ आणि 'भावी माता'

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या व तिसऱ्या दशकांत महाराष्ट्रात व्यायामसंस्थांचे जाळे उभे राहिले. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी सुरू केले. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ मध्ये महाराष्ट्रीय मंडळाची स्थापना केली. त्याच वर्षी स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करून योगाचा प्रयोगशाळेत अभ्यास आरंभिला. बडोद्यात दत्तात्रय चिंतामण मजुमदार यांनी 'व्यायामज्ञानकोशा'चे दहा खंड सिद्ध केले.

या चळवळीला परकीय सत्तेच्या काळातील स्वाभिमानाची पार्श्वभूमी होती. राष्ट्र बलवान व्हायचे तर तरुण बलवान हवा, आणि तरुण बलवान व्हायचा तर त्याची आई बलवान हवी, अशी त्यामागील विचारसाखळी होती. मुलींना व्यायाम द्यावा या मागणीला या विचाराने मोठे बळ दिले आणि मुलींच्या शाळांत कवायत, लेझीम व खेळ येऊ लागले, हे त्याचे श्रेय नाकारता येणार नाही. परंतु त्याच विचाराने एक मर्यादाही आखली. सुदृढता ही मातृत्वासाठी हवी असेल, तर मातृत्वाचे कार्य पार पडल्यावर तिचे प्रयोजन संपते. विवाहाबरोबर मुलीचे मैदान सुटे, ते पुन्हा मिळत नसे.

कायद्याच्या क्षेत्रातही हीच मर्यादा दिसते. मुंबई इलाख्यातील १९२९चा प्रसूतिलाभ कायदा हे कामगार स्त्रियांच्या दृष्टीने महत्त्वाचे पाऊल होते. त्यासंबंधीच्या विधेयकाला १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ठाम पाठिंबा दिला होता. बाळंतपणाच्या काळात स्त्रीला विश्रांती मिळावी आणि त्याचा भार समाजाने उचलावा, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. तथापि कायद्याला दिसणारी माता ही प्रसूतीच्या आगेमागे काही आठवड्यांची होती. त्यानंतरची तीस वर्षे तिच्या शरीराची जबाबदारी तिच्या एकटीची राहिली.

याच काळात र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. स्त्रीचे आरोग्य हे तिचे स्वतःचे आहे आणि किती अपत्ये व्हावीत हे ठरविण्याचा अधिकार तिला हवा, ही त्यांची भूमिका होती. व्यायामचळवळ आणि कर्वे यांचे मार्ग भिन्न होते. परंतु मातेचे शरीर हे राष्ट्राचे वा कुळाचे साधन नसून तिचे स्वतःचे आहे, हा विचार मराठी समाजात रुजविण्याचे श्रेय प्रामुख्याने कर्वे यांना द्यावे लागते.

४. घराच्या उंबरठ्याच्या आतील प्रयोग

मध्यमवयीन मातेपर्यंत व्यायाम पोहोचला तो मैदानाच्या मार्गाने नव्हे. त्याची तीन उदाहरणे येथे विचारार्थ घेतली आहेत.

पहिले उदाहरण औंध संस्थानचे. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) हे आरंभी युजेन सँडोच्या पद्धतीने उपकरणांचा व्यायाम करीत. पुढे त्यांनी ती पद्धती सोडून सूर्यनमस्कारांचा स्वीकार केला आणि त्यांच्या प्रसारासाठी आयुष्यभर लेखन, व्याख्याने व प्रात्यक्षिके केली. संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सुरू झाले. त्यांच्या इंग्रजी पुस्तकाची लुईझ मॉर्गन यांनी संपादित केलेली आवृत्ती १९३८ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाली. येथे महत्त्वाची बाब अशी की, या प्रसारात राणीसाहेबांच्या नित्य सरावाचा दाखला आवर्जून दिला जाई. अनेक अपत्यांची माता असलेली स्त्री व्यायामाचा आदर्श म्हणून मांडली जाणे ही त्या काळी असामान्य गोष्ट होती. सूर्यनमस्काराला उपकरण लागत नाही, स्वतंत्र पोशाख लागत नाही, सोबती लागत नाही आणि घराबाहेर जावे लागत नाही. देवघरापुढील चार-सहा फूट जागा पुरते. शिवाय त्याला उपासनेचे अधिष्ठान असल्यामुळे घरातील वडीलधाऱ्यांचा विरोध आपोआप सौम्य होई.

याच संस्थानाच्या हद्दीत १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली, आणि तेथूनच १९३० मध्ये 'स्त्री' मासिक निघू लागले. घरातील स्त्रीला तिच्या घरातच वाचनातून नवे विचार पोहोचविण्याचे कार्य या मासिकाने केले. सूर्यनमस्कार आणि मासिक या दोहोंचे सामर्थ्य सारखेच होते : दोन्ही उंबरठा ओलांडून स्त्रीपर्यंत गेली, तिने उंबरठा ओलांडावा याची वाट पाहत बसली नाहीत.

दुसरे उदाहरण सीतादेवी योगेंद्र यांचे. श्री योगेंद्र यांनी १९१८ मध्ये मुंबईजवळ वर्सोवा येथे योग संस्थेची स्थापना केली. त्यांच्या पत्नी सीतादेवी यांचे स्त्रियांच्या योगशिक्षणावरील इंग्रजी पुस्तक १९३४ मध्ये प्रसिद्ध झाले. एका स्त्रीने स्त्रियांसाठी योगावर लिहिलेल्या आधुनिक काळातील अगदी आरंभीच्या पुस्तकांत त्याची गणना होते. संन्याशाची वा ब्रह्मचाऱ्याची मानली गेलेली विद्या गृहस्थाश्रमातील स्त्रीला तिच्या दिनक्रमात साधता येईल अशा सौम्य स्वरूपात मांडणे, हे या संस्थेचे वैशिष्ट्य होते.

तिसरे उदाहरण पुण्याचे. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात आले. १९७५ मध्ये त्यांनी आपल्या दिवंगत पत्नीच्या नावाने रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था सुरू केली. त्यांच्या कन्या गीता अय्यंगार (१९४४-२०१८) यांचे स्त्रियांसाठी योगसाधना सांगणारे इंग्रजी पुस्तक १९८३ मध्ये प्रकाशित झाले. मासिक पाळी, गर्भारपण, बाळंतपणानंतरचा काळ आणि रजोनिवृत्ती या प्रत्येक अवस्थेत कोणती आसने करावीत व कोणती टाळावीत, याचा पद्धतशीर विचार त्यांनी केला. येथे स्त्रीचे संपूर्ण आयुष्य विचाराच्या कक्षेत आले. मातृत्व हा त्यातील एक टप्पा ठरला, शेवट ठरला नाही. दोर, पट्टे, खुर्ची, लोड अशा साध्या साधनांच्या आधाराने कडक झालेल्या, थकलेल्या शरीरालाही आसन साधता येते, ही अय्यंगार पद्धती मध्यमवयीन स्त्रियांना विशेष उपकारक ठरली.

या तिन्ही उदाहरणांत एक समान सूत्र आढळते. व्यायामाचे स्वरूप स्त्रीच्या जीवनाला अनुरूप करून घेतले गेले, तेथेच तो टिकला.

५. यंत्रे आली, वेळ आला नाही

पिठाची गिरणी, नळाचे पाणी, गॅसची शेगडी आणि मिक्सर यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरी स्त्रीचे जडश्रम कमी केले. जाते माळ्यावर गेले. त्याबरोबर दंड व खांद्यांचा उरलासुरला व्यायामही गेला. परंतु वाचलेला वेळ तिच्या वाट्याला आला नाही. नोकरी, प्रवास आणि मुलांचा अभ्यास यांनी तो व्यापला. २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, तर घरकामात भाग घेणारे पुरुष ९७ मिनिटे. २०२४च्या पाहणीत हे आकडे अनुक्रमे २८९ व ८८ असे आले. पाच वर्षांत दोघांचाही वेळ थोडा घटला, परंतु दोघांमधील अंतर जवळपास तितकेच राहिले.

ग्रामीण श्रमिक स्त्रीची स्थिती याहून विदारक आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये ऐरणीवर आला. शासनाच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झाल्याचे दिसून आले. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर मजुरी बुडते, या हिशेबातून ऐन तारुण्यात गर्भाशय गमावणाऱ्या या माता दिवसाला बारा-बारा तास कष्टतात. श्रमानेच शरीर सुदृढ होते असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण दृष्टीआड करता कामा नये.

आधुनिक वैद्यकानेही श्रम व व्यायाम यांतील भेद स्पष्ट केला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेची शारीरिक हालचाल करावी. दमदार घरकामही या हालचालीत धरले जाते, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याखेरीज आठवड्यातून किमान दोन दिवस शरीरातील सर्व प्रमुख स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम करावा, असे त्याच सूचना सांगतात. ही अट लाटण्याने, झाडण्याने किंवा भांडी घासण्याने पुरी होत नाही. चाळिशीनंतर स्नायूंचे प्रमाण घटू लागते. भारतीय स्त्रियांची रजोनिवृत्ती साधारणतः ४६-४७व्या वर्षी येते आणि त्यानंतर हाडांची झीज वेगाने होते. या वयात स्नायूंवर क्रमाक्रमाने वाढता भार देणे, मग तो उठाबशांचा असो, दोरीच्या ताणाचा असो वा वजनाचा, ही चैन नसून गरज आहे. त्याला आहाराची जोड हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत. याच वयोगटातील पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के आहे. सर्वांची पाने वाढून झाल्यावर उरेल ते खाणाऱ्या स्त्रीला केवळ व्यायाम सांगणे अपुरे ठरते.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. या पाहणीत स्त्रियांचा वयोगट १५ ते ४९ असा, म्हणजे प्रजननक्षम वयापुरता घेतला जातो. पुरुषांचा मात्र ५४ पर्यंत घेतला जातो. पन्नाशीची स्त्री या गणनेतून बाहेर पडते. व्यायामचळवळीने 'भावी माता' पाहिली, कायद्याने 'प्रसूत माता' पाहिली आणि सांख्यिकीने 'प्रजननक्षम स्त्री' पाहिली. तिघांच्याही नजरेतून सुटलेली स्त्री एकच आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. महाराष्ट्रातील स्त्री-व्यायामविचार दीर्घकाळ मातृत्वाच्या प्रयोजनाशी बांधलेला राहिला. त्यामुळे मुलींना व्यायामाचा अधिकार मिळाला, परंतु मातांना तो टिकविता आला नाही.

२. 'घरकाम हाच स्त्रीचा व्यायाम' हे मत इतिहास व वैद्यक या दोन्हींच्या कसोटीवर अपुरे ठरते.

३. मध्यमवयीन मातेपर्यंत जे प्रयत्न पोहोचले, ते कमी जागा, कमी साधने व घरातील वेळ यांचा विचार करणारे होते.

४. मूळ अडचण ज्ञानाची किंवा इच्छेची नसून वेळेच्या वाटणीची आहे. घरातील पुरुषांनी घरकामाचा वाटा उचलल्याखेरीज ती दूर होणार नाही.

समारोप

गेल्या काही वर्षांत पुणे, मुंबई, ठाणे, डोंबिवली या भागांत मध्यमवयीन स्त्रियांचे मंगळागौरीच्या खेळांचे संघ तयार झाले आहेत. चाळिशी-पन्नाशीच्या स्त्रिया दुपारच्या वेळात नियमित सराव करतात, रंगमंचावर दोन-दोन तास फुगड्या-पिंगे सादर करतात आणि त्यातून मानधनही मिळवितात. नवविवाहितेच्या व्रताशी जोडलेला खेळ अशा रीतीने मातांनी आणि आज्यांनी स्वतःकडे घेतला आहे. व्यायामाच्या इतिहासात या घटनेची नोंद व्हावयास हवी, कारण येथे कोणत्याही संस्थेने वा समितीने सुचविण्यापूर्वी स्त्रियांनी आपला मार्ग आपणच शोधला.

उच्च शिक्षणसंस्थांनाही यात भूमिका आहे. आपल्या महाविद्यालयांतील जिमखाने प्रामुख्याने विद्यार्थी-खेळाडूंसाठी उघडतात. आठवड्यातून दोन दिवस, एखादा तास, महिला प्राध्यापक, शिक्षकेतर कर्मचारी आणि विद्यार्थिनींच्या माता यांच्यासाठी राखून ठेवण्यास फार मोठा खर्च येणार नाही. तो तास कामाच्या वेळापत्रकात बसविला पाहिजे, कारण कामानंतरचा तास त्यांच्याजवळ नसतो. क्रीडा संचालक, गृहविज्ञान व समाजशास्त्र विभाग यांनी एकत्र येऊन असा उपक्रम केल्यास त्यातून संशोधनासाठी उपयुक्त नोंदीही मिळतील. मातेची सुदृढता ही पुढच्या पिढीसाठी आवश्यक आहे, हे आपण शंभर वर्षे ऐकत आलो. ती तिच्या स्वतःसाठी आवश्यक आहे, एवढे मान्य करणे हे या पिढीचे काम आहे.